ओले कपडे आणि राहिलेला विषय

प्रिय ताई,

मी २१ वर्षांची, पदवीच्या दुसऱ्या वर्षाला आहे. लग्नाला दहा महिने झाले. नवरा २३चा. तोही शिकतोय आणि संध्याकाळी चार तास नोकरी करतो. लग्न आमच्या मर्जीने झालं, घरच्यांचाही विरोध नव्हता. "आधी शिक्षण होऊ दे" एवढंच दोन्हीकडचे म्हणत होते. आम्हीच थांबलो नाही. आता दोन खोल्यांच्या भाड्याच्या घरात दोघंच राहतो.

त्रास असा काही नाही, आणि तरी रोज काहीतरी आहे. सकाळी डोळे उघडल्यापासून डोक्यात यादी चालू होते. वर्गात बसले की घर आठवतं, घरी आले की राहिलेलं सबमिशन आठवतं. तो वाईट नाही हो. "तू सांग ना, मी करतो" म्हणतो, आणि सांगितलं की करतोही. पण मला सांगायचाच कंटाळा येतो. मागच्या परीक्षेच्या आदल्या दिवशी त्याने कपडे मशीनला लावले आणि काढायला विसरला. रात्री अकरा वाजता मी झाकण उघडलं तर कुबट वास. पुन्हा धुतले, वाळत घातले आणि मग अभ्यासाला बसले. तो गाढ झोपला होता, त्याला एक शब्द बोलले नाही. दुसऱ्या दिवशीचा पेपर गेला.

मैत्रिणी हल्ली कुठे जायचं असलं तर मला विचारत नाहीत. आई फोनवर अभ्यासाचं विचारते, सासूबाई घराचं विचारतात. दोघींना "सगळं छान" सांगते.

एक वर्ष गॅप घेऊ का? की आम्ही लग्नाचीच घाई केली? खरं काय ते सांगा. (तो विषय राहिलाय हे नवऱ्याला अजून सांगितलेलं नाही. निकाल लागून तीन आठवडे झाले. योग्य वेळच मिळत नाही.)

दोन्हीकडे अपुरी


अगं,

तुझ्या पत्रातली सगळ्यात मोठी गोष्ट तू कंसात टाकली आहेस. वाचताना मी कपड्यांपाशी थांबले, मैत्रिणींपाशी थांबले आणि शेवटी त्या कंसात अडकले. विषय राहिला, तीन आठवडे उलटले, आणि दोन खोल्यांच्या घरात तुझ्यासोबत राहणाऱ्या माणसाला त्याचा पत्ता नाही. बाकीच्या प्रश्नांवर बोलूच, पण सुरुवात इथून.

योग्य वेळ मिळत नाही म्हणतेस. मिळणार नाहीच. निकालाच्या दिवशी सांगायचं होतं एवढंच की विषय राहिला. आज सांगायच्या झाल्या दोन गोष्टी: विषय राहिला, आणि मी तो तुझ्यापासून लपवला. दुसरी गोष्ट पहिलीपेक्षा जड आहे आणि दर आठवड्याला तिचं वजन वाढतंय.

हे मला कसं माहीत, तर मीही शिकत असतानाच लग्न केलं होतं. तुझ्यापेक्षा एका वर्षाने लहानच होते. दुसऱ्या सत्रात माझी हजेरी कमी पडली. पहिला तास रोज बुडायचा, कारण घर आवरून निघेपर्यंत तो निम्मा झालेला असायचा. नवऱ्याला वाटायचं की माझं कॉलेज नऊला सुरू होतं. होतं आठला. मी ते कधी दुरुस्त केलं नाही. त्याने स्वतःहून विचारावं, अशी माझी अपेक्षा. त्याने विचारलं नाही, आणि मी बुडालेला एकेक तास मनातल्या वहीत त्याच्या नावावर मांडत गेले. शेवटी हजेरीबद्दलचं पत्र घरी आलं आणि नेमकं त्याच्या हाती पडलं. तो भांडला नाही. पत्राची घडी उघडून दोनदा वाचलं आणि म्हणाला, "तुझा तास आठला असतो, हे मला कॉलेजने कळवायचं?"

मला वाटलं होतं तो लाजेल, माझी कीव करेल, निदान चिडेल तरी. तो दुखावला होता. आणि मला राग आला तो त्याचाच! स्वतःचा यायला बरेच महिने लागले. मी ज्या गोष्टीसाठी त्याला मनातल्या मनात दोषी ठरवत होते, ती त्याला ठाऊकच नव्हती. आरोपीला आरोप सांगितलाच नव्हता आणि निकाल लिहून तयार होता.

तेव्हा आज रात्री सांग. तो नोकरीवरून दारात पाय ठेवतोय तेव्हा नको, दिवा मालवल्यावर अंधारातही नको. दोघं बसलेले असाल, हात रिकामे असतील, तेव्हा. वाक्य साधं ठेव: "माझा एक विषय राहिलाय. तीन आठवडे झाले. तुला सांगायला हवं होतं, सांगितलं नाही." आणि मग गप्प राहा. कपड्यांची गोष्ट त्याच दमात जोडू नकोस. "तुझ्यामुळे राहिला" हे ओठांवर येईल, ते गिळ. एक तर ते पूर्ण खरं नाही. विषय एका रात्रीत राहत नाही, सत्रभर थोडा थोडा राहत आलेला असतो. आणि दुसरं, तू असं म्हणालीस की बोलणं निकालावरून मशीनवर जाईल आणि पहाटेपर्यंत मशीनवरच राहील. तो आधी गप्प होईल किंवा काहीतरी वेडंवाकडं बोलेल. बोलू दे. तुला तीन आठवडे मिळाले, त्याला तीन मिनिटं तरी मिळू देत.

कपड्यांचं बोलायचंच आहे, पण दुसऱ्या दिवशी.

त्या रात्री तू त्याला उठवलं नाहीस. दमलाय, झोपू दे, असं तुझ्या मनात आलं असेल, नाही म्हणत नाही. पण "एक शब्द बोलले नाही त्याला" हे तू ज्या सुरात लिहिलंस, त्यात मला पुरावा जमवल्याचा वास येतो, कुबट कपड्यांपेक्षा जरा उग्रच. रागावू नकोस, मी यात मुरलेली आहे. रात्री अकरा वाजता कपडे पुन्हा धुणं गरजेचं नव्हतं. दुसऱ्या दिवशी पेपर होता. कपडे रात्रभर मशीनमध्ये पडले असते, सकाळी त्याने धुतले असते आणि फार तर एक दिवस दोघांनी जुने कपडे घातले असते. तू वासाला प्राधान्य दिलंस आणि पेपर सोडलास. हा निर्णय त्याचा नव्हता, तुझा होता.

आता त्याची बाजू. "तू सांग ना, मी करतो" हे वाक्य ऐकायला गोड आहे, आणि तू त्याला कंटाळली आहेस यात तुझं काहीही चुकत नाही. त्या वाक्यात काम तो घेतो आणि कामाची आठवण तुझ्याकडेच ठेवतो. साबण संपत आलाय, भाड्याची तारीख जवळ आलीय, उशीचे अभ्रे बदलून महिना झालाय, कोपऱ्यातला नळ पुन्हा ठिबकतोय. हे सगळं कुणाच्या तरी डोक्यात सतत फिरत असतं, आणि तुमच्या घरात ते डोकं तुझं आहे. सकाळी डोळे उघडल्यापासून चालू होणारी तुझी यादी ती हीच. तो दहा कामं करील, तरी अकरावं कुठलं हे तुलाच सांगावं लागणार असेल तर तू मोकळी झालीच नाहीस. मुकादम झालीस, बिनपगारी.

याला उपाय म्हणजे कामं न वाटता खाती वाटायची. मंत्रिमंडळाचं खातेवाटप होतं तसं. कपडे हे त्याचं खातं असेल, तर मळके गोळा करण्यापासून घडी घालून कपाटात जाईपर्यंत सगळं त्याचं. साबण संपला हे त्यालाच दिसलं पाहिजे. पाऊस आला तर दोरीकडे त्यानेच धावलं पाहिजे. तुला सकाळी घालायला काही उरलं नाही तर तक्रार खातेप्रमुखाकडे. मात्र त्या खात्यात तू लुडबुड करायची नाही, आणि खरी परीक्षा तिथेच आहे. आमच्याकडे कपड्यांच्या घड्या नवऱ्याकडे होत्या. तो टॉवेलची घडी अशी घालायचा की कपाटाचं दार लागायचं नाही. मी तो बाहेर गेला की सगळे टॉवेल उलगडून पुन्हा घडी घालून ठेवायचे, अगदी कडेला कड जुळवून. एक दिवस त्याने ते पाहिलं. बोलला काही नाही, पण त्यानंतर टॉवेलला हात लावला नाही. मग "हा घड्यासुद्धा घालत नाही" अशी तक्रार करायला मला खरं तर तोंड नव्हतं. तरी मी ती बरीच वर्षं केली.

तुमच्या वाटणीत खाती बरोबर अर्धी-अर्धी होणार नाहीत, त्याचा हट्ट धरू नका. तो संध्याकाळी चार तास घराबाहेर असतो. त्याच्या परीक्षेच्या महिन्यात तुझ्याकडे जास्त येतील, तुझ्या परीक्षेच्या महिन्यात त्याच्याकडे. फक्त तो बदल आधी बोलून व्हावा. आपोआप होणारे बदल नेहमी एकाच दिशेने होतात, हे तू पाहिलंच आहेस.

वाटणी करायला बसाल तेव्हा एक गंमत करून बघा. मायकेल रॉस आणि त्यांचे सहकारी सिकोली या मानसशास्त्रज्ञांनी १९७९ साली एक अभ्यास प्रसिद्ध केला. त्यातल्या एका प्रयोगात विद्यार्थ्यांच्या वसतिगृहात संसार थाटलेली ३७ जोडपी होती, म्हणजे तुमच्याच जातकुळीतली. त्यांना रोजच्या २० गोष्टींची यादी दिली आणि यातला तुमचा वाटा किती, हे नवऱ्याला आणि बायकोला वेगवेगळं विचारलं. दोघांचे आकडे एकत्र केले तर बहुतेक जोडप्यांत बेरीज पूर्णाच्या वर गेली. खोटं कुणी बोलत नव्हतं. आपण केलेलं काम आपल्याला चटकन आठवतं, कारण ते करताना आपण तिथे हजर असतो. समोरच्याने केलेलं बरंचसं आपण पाहिलेलंच नसतं. आणि त्या यादीत भांडण उकरून काढणं हेही होतं बरं का. तिथेसुद्धा दोघंही वाटा स्वतःकडेच जास्त घेत होते.

तुम्ही दोघं दोन कागदांवर आपापला वाटा टक्क्यांत लिहा आणि बेरीज करा. दीडशे आली तर हसा. पण यावरून "म्हणजे दोघांचं सारखंच" असा निष्कर्ष काढू नका आणि त्यालाही काढू देऊ नकोस. बेरीज फुगते याचा अर्थ दोघांचीही आठवण कच्ची आहे, वाटणी समान आहे असा नाही. खरी वाटणी कळायची असेल तर एक आठवडा भिंतीवर कागद लावा. काम केलं की खूण करायची, "आठवण ठेवली" यालाही खूण. तुझ्या नवऱ्याला त्या दुसऱ्या रकान्याकडे बघून धक्का बसेल, असं मला वाटतं. तुलाही पहिल्या रकान्यात थोडा बसेल.

आता अभ्यास. वर्गात घर आणि घरात वर्ग, ही तुझी एकटीची व्याधी नाही. सोफी लेरॉय या संशोधिकेने २००९ साली दाखवून दिलं की एक काम अर्धवट सोडून दुसऱ्याकडे वळलं की लक्षाचा काही भाग पहिल्या कामापाशीच रेंगाळतो, आणि दुसरं काम त्यामुळे कमी चांगलं होतं. तुझा दिवस म्हणजे अर्धवट सोडलेल्या कामांची माळ. मग पुस्तक उघडं ठेवून तासभर बसलं तरी डोक्यात काही जात नाही, यात नवल ते काय!

मला उपयोगी पडलं ते असं. अभ्यासाला बसण्याआधी एका चिठ्ठीवर घराची हालहवाल लिहायची: काय कुठे सोडलंय, पुढचं पाऊल कोणतं आणि किती वाजता. "कपडे भिजत घातलेत, सात वाजता बघायचे." मग ती चिठ्ठी दुसऱ्या खोलीत ठेवून यायची. कागदाला ठाऊक आहे म्हटल्यावर मनाची धावपळ थांबते, निदान कमी होते. अभ्यासावरून उठतानाही तसंच. पान बंद करण्याआधी समासात दोन शब्द: कुठवर आले, पुढे काय. दुसऱ्या दिवशी पंधरा मिनिटं वाचतात.

आणि शक्य असेल तर घरी अभ्यास करूच नकोस. हे ऐकायला विचित्र वाटेल, पण घरात पाऊल टाकलं की घर तुला ओळखतं. प्रत्येक वस्तू हाक मारते. शेवटचा तास संपला की कॉलेजच्याच ग्रंथालयात दीड तास बस आणि मग घरी जा. वेळापत्रकात तो तास म्हणूनच लिही, नवऱ्यालाही तसाच सांग: माझं कॉलेज अमुक वाजता सुटतं. ही लबाडी नाही. तास कुणी शिकवला तरच तास असतो असं थोडंच आहे? दीड तासाने उशिरा गेल्यावर घर कोसळलं नाही, हे पहिल्या आठवड्यातच दिसेल. माझा अंदाज असा की त्या दीड तासात घरात जे झालं नाही, त्यातलं निम्मं करायची गरजच नव्हती, हेही दिसेल.

मी स्वतः हे फार उशिरा शिकले. त्याआधी मी शहाणपणा करायचे, कामं आणि अभ्यास एकत्र. कपडे वाळत घालताना नोट्सची पानं दोरीवरच चिमट्यांनी लावायचे, एक शर्ट, एक पान, एक शर्ट, एक पान. हाताने झटकायचं, तोंडाने व्याख्या म्हणायची. स्वतःवर भलतीच खूश होते. एके दिवशी ओल्या बाहीचं पाणी चौदाव्या पानावर ओघळलं आणि शाई पसरून अर्धं पान निळं झालं. पुन्हा लिहून काढू म्हणून ठेवलं, राहिलं. परीक्षेत पहिलाच प्रश्न चौदाव्या पानावरचा. मला उत्तराची पहिली ओळ आठवत होती, आणि त्यापुढे फक्त निळा रंग. एक ना धड भाराभर चिंध्या म्हणतात, त्यातल्या चिंध्या मी शब्दशः दोरीवर टांगल्या होत्या.

अभ्यासाबद्दल आणखी एकच. तुम्ही दोघं विद्यार्थी आहात, त्याचा फायदा घ्या. पुन्हा पुन्हा वाचण्यापेक्षा न बघता आठवून सांगणं जास्त टिकतं. रोडिगर आणि कार्पिक यांनी २००६ साली हे विद्यार्थ्यांवर तपासलं होतं. वाचून पाच मिनिटांनी विचारलं तर दोनदा वाचणारे पुढे होते. आठवड्याने विचारलं तर एकदा वाचून एकदा आठवून लिहिणाऱ्यांच्या लक्षात ५६ टक्के राहिलं होतं, दोनदा वाचणाऱ्यांच्या ४२ टक्के. म्हणजे आदल्या रात्री वाचून "येतंय मला" असं जे वाटतं, ते पाच मिनिटांचं सुख. तेव्हा रात्री झोपण्याआधी पंधरा मिनिटं त्याने तुझं पुस्तक हातात घ्यावं आणि प्रश्न विचारावेत, मग पंधरा मिनिटं तू त्याला. विषय कळायची गरज नाही, मजकूर समोर असतो. एक अट मात्र घाला: चुकलं तर उत्तर फक्त वाचून दाखवायचं, समजावून सांगायचं नाही. नवरा मास्तर झाला की अभ्यास बाजूला राहतो आणि तिसरंच काहीतरी सुरू होतं. अनुभव आहे.

मैत्रिणींचं वाचून वाईट वाटलं, पण त्यांच्यावर रुसण्याआधी एक विचार. लग्न झालंय म्हणजे हिला जमणार नाही, हे त्यांनी गृहीत धरलं आणि तू धरू दिलंस. पहिल्या दोन वेळा "बघते, विचारून सांगते" म्हणाली असशील, आणि तिसऱ्यांदा कुणी विचारलं नसेल. आता तू विचार. मोठं काही नको. दोन तासांच्या मधल्या वेळेत आवारात एक फेरी, किंवा त्या ग्रंथालयातल्या दीड तासाला सोबत. वर्गातली एक तरी मैत्रीण अशी हवी, जिच्याशी बोलताना तू कुणाची बायको नसतेस, शेवटच्या बाकावर बसून सरांच्या अक्षराला हसणारी मुलगी असतेस. नवऱ्यालाही असे मित्र हवेत. दोघांनीच एकमेकांना पुरं पडायचं ठरवलं की दोघंही कमी पडतात.

आई आणि सासूबाईंना "सगळं छान" सांगतेस, त्यात तूर्त बदल करू नकोस. विषय राहिल्याचं आधी घरात कळू दे, मग त्यांना. आणि तेव्हाही सासूबाईंना त्याने सांगावं, आईला तू. आपापल्या माणसांशी आपण बोलायचं, हा नियम केलात तर पुढची पुष्कळ वर्षं सोपी जातील.

पैशांबद्दल पत्रात अक्षर नाही. म्हणजे एक तर ते बरं चाललंय, किंवा तेही कुठेतरी कंसात आहे. असेल तर थोडक्यात: वर्षभराच्या फीच्या तारखा आत्ताच एका जागी लिहा आणि ती रक्कम महिन्यांत वाटून बाजूला काढत चला. आणि दोघांच्याही हाती थोडी रक्कम अशी ठेवा, की तिचं काय केलं हे दुसऱ्याने विचारायचं नाही. रक्कम किती, याला महत्त्व नाही. न विचारण्याला आहे.

गॅपचं विचारतेस. एखादा विषय राहिला आणि थकवा आला म्हणून मी गॅप घेणार नाही. आजारपण, बाळंतपण, फीची सोयच नसणं, या कारणांनी थांबणं वेगळं. तिथे थांबण्याला काहीतरी कारण असतं आणि परत यायला तारीख असते. तुझ्याकडे आज तारीख नाही, नुसता कंटाळा आहे. आणि रिकाम्या वर्षात काय होईल ते सांगू? आत्ता जी कामं तू वेळ नसताना करतेस, ती वेळ असताना तुझीच होऊन बसतील. वर्षाने तू परत वर्गात जायला निघालीस की ती कुणीही परत घेणार नाही. तरीही मनात असेलच, तर आधी कार्यालयात जाऊन नियम विचार: नाव राहतं की पुन्हा प्रवेश घ्यावा लागतो, सवलत किंवा शिष्यवृत्ती असेल तर तिचं काय होतं, राहिलेला विषय किती दिवसांत सोडवावा लागतो, मध्ये अभ्यासक्रम बदलला तर काय. उत्तर लेखी घे. खिडकीतल्या माणसाने तोंडी सांगितलेलं पुढच्या वर्षी त्या खिडकीत बसणाऱ्या माणसाला माहीत नसतं. सगळ्या वर्षाऐवजी पुढच्या सत्रात एखादा ऐच्छिक विषय कमी घेता येतो का, हेही विचार. कित्येकांना तेवढं पुरतं.

लग्नाची घाई केलीत का? खरं सांग म्हणालीस, तर खरं सांगते: तुझ्या पत्रावरून मला तसं दिसत नाही. मला दिसतात दोन दमलेली मुलं, ज्यांनी घर चालवायचं कधी ठरवून बोललेलंच नाही. तीस वर्षांच्या वयात लग्न केलेल्या जोडप्यांचीही मला कपड्यांवरून पत्रं येतात. फरक इतकाच की त्यांना दुसऱ्या दिवशी पेपर नसतो. पण एक गोष्ट विचारून ठेवते, कारण पत्रात न लिहिलेलंही असतं. तो तुला कॉलेजला जाण्यावरून टोमणे मारत असेल, परीक्षेच्या दिवशीच भांडण काढत असेल, तुझे पैसे किंवा फोन स्वतःकडे ठेवत असेल, त्याला निकाल सांगायची तुला भीती वाटत असेल, तर मी वर लिहिलेलं सगळं बाजूला ठेव. तो खातेवाटपाचा प्रश्न नाही. तेव्हा आईला फोन कर, कॉलेजमधल्या समुपदेशकांना किंवा विश्वासातल्या बाईंना गाठ, आणि मला पुन्हा लिही. मला तसं वाटत नाही. तुला लाज वाटतेय, भीती नाही, असं मी समजते. पण ते तूच ठरव.

फेरपरीक्षेचा अर्ज भरायची शेवटची तारीख आधी बघ. तीन आठवडे गेलेत, ती फार लांब नसेल. त्याला सांगून झालं की अर्ज त्याच्यासमोरच भर. परीक्षेची तारीख भिंतीवरच्या कागदावर मोठ्या अक्षरात लिहा आणि तिच्या आदल्या दिवसापुढे कपड्यांच्या खात्यात त्याचं नाव. विसरला तर विसरू दे. त्या रात्री मशीनचं झाकण तू उघडायचं नाहीस, वास आला तरी.

तुझी,
ताई